डबा बरोबर होता

सांगलीत एका स्पेअर पार्टच्या दुकानात मी काउंटरला असतो. आमच्याकडे भांडण ही काय नवीन गोष्ट नाही, चुकीचा नंबर गेला, मिस्त्रीने मॉडेलच चुकीचं सांगितलं, पोराने डाव्याऐवजी उजवा दिला, असं चालतंच, गिऱ्हाईक आवाज चढवतं, आपण डबा बदलून देतो, चहा होतो, विषय संपतो. पण हे बेअरिंगचं प्रकरण डोक्यातून जात नाही, कारण त्यात सगळेच खरं बोलत होते. म्हणजे जवळजवळ सगळेच, ते पुढे येईलच.

सकाळी शटर उघडून अगरबत्ती लावतोय तोवर पिवळ्या पाटीची एक सेडान दारातच आडवी लागली. आतून एक ड्रायव्हर उतरला, गाडी स्वतःचीच, मागच्या दाराने आमचा नेहमीचा मिस्त्री उतरला, तोंड पाडून. ड्रायव्हरच्या हातात एक कॅरीबॅग, ती त्याने काउंटरवर अशी आपटली की बिलबुकं हलली. आत ग्रीसने माखलेलं सुटं झालेलं बेअरिंग, एक जुनं बेअरिंग, आमच्या दुकानातला डबा आणि एक सेन्सर.

"मालक कुठायत? चुकीचा माल देऊन माझी पुण्याची ट्रिप घालवली तुम्ही."

मालक म्हणजे आमचे शेठ, ते साडेदहाशिवाय येत नाहीत. म्हटलं बसा, पाणी घ्या, काय झालं सांगा. बसायला तयार नाही.

झालेलं असं. पुढच्या डाव्या चाकातून विमानासारखा आवाज येत होता म्हणून मिस्त्रीने बेअरिंग बदललं. आवाज गेला, पण मीटरमध्ये एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या सिस्टीमची, लाईट लागली ती जाईना. मिस्त्रीने स्कॅनर लावला, त्यात पुढच्या डाव्या चाकाचा स्पीड सेन्सर सिग्नल देत नाही असं आलं. मग काय, दुसऱ्या दिवशी आमच्याकडनंच नवा सेन्सर नेला, बसवला. लाईट तशीच. गाडी परत खोलली, लेथवाल्याकडे नेऊन बेअरिंग प्रेसवर, म्हणजे दाब देणाऱ्या मशीनवर, काढलं, आणि आता हे दोघं इथं. दरम्यान पहाटेची पुणे एअरपोर्टची पार्टी होती ती त्याला दुसऱ्या गाडीवाल्याला द्यावी लागली. ब्रेक तसे लागत होते, एबीएस बंद पडलं तरी साधे ब्रेक चालतात, पण तो म्हणाला, "एनआरआय पार्टी आहे, मीटरमध्ये पिवळी लाईट बघून मला परत बोलवणार काय?" मुद्दा बरोबर होता.

इथे थोडं टेक्निकल सांगतो नाहीतर पुढचं कळणार नाही. बऱ्याच गाड्यांत चाकाचा स्पीड मोजायची सोय बेअरिंगमध्येच असते. बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलवर काळ्या रबराची पट्टी असते, त्यात चुंबकाचे पोल भरलेले असतात, नॉर्थ-साऊथ-नॉर्थ-साऊथ असे गोल, चाक फिरलं की सेन्सर ते मोजतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. गंमत अशी की विदाऊट एबीएस गाडीचं बेअरिंग पण त्याच मापाचं, आतलं माप तेच, बाहेरचं तेच, जाडी तीच, नकलमध्ये, म्हणजे चाकामागच्या ज्या लोखंडी भागात बेअरिंग बसवतात त्यात, आरामात बसतं, चाक मस्त फिरतं. फक्त पट्टी नाही. डोळ्याने बघून फरक सांगायला फार सवय लागते, कारण सील दोन्हीकडे काळंच. एप्रिल २०१९ पासून सगळ्याच कारना एबीएस कंपल्सरी झालं, तेव्हापासूनच्या गाड्यांना प्रश्नच नाही, पण त्याच्या आधीच्या गाड्यांत खालच्या मॉडेलला एबीएस नाही आणि वरच्याला आहे असा प्रकार, त्यामुळे दोन्ही बेअरिंगं अजून विकली जातात. ह्याची गाडी २०१७ ची, एबीएसवाली.

आणि अजून एक भानगड. बरोबर बेअरिंग असलं पण मिस्त्रीने उलटं प्रेस केलं, म्हणजे पट्टीची बाजू सेन्सरकडे न येता दुसरीकडे गेली, तरी हुबेहूब हीच लाईट लागते.

त्यामुळे शेठ आले, दोन मिनिटं ऐकलं आणि सरळ मिस्त्रीकडे वळले. "उलटं बसवलंस तू."

मिस्त्री इतका वेळ गप्प होता तो एकदम उसळला. "शेठ, मी काय काल आलेला पोरगा हाय व्हय? लेथवर मी स्वतः उभा राहून प्रेस मारून घेतलंय."

शेठ म्हणाले, पट्टी कुठल्या बाजूला होती सांग. मिस्त्री म्हणाला, ग्रीस लागल्यावर काय दिसतंय, पण डब्यात जी बाजू वर होती ती बघून घातलं. ह्यावर शेठनी माझ्याकडे असं बघितलं की झालं, आपण जिंकलो.

मी मधल्या वेळात मोबाईल काढून व्हॉट्सॲप बघितलं. मिस्त्रीने आरसीचा फोटो पाठवलेला होता, चासीस नंबर सतराच्या सतरा अक्षरं स्पष्ट, मी त्यावरनंच कॅटलॉगमध्ये नंबर काढून त्याला पाठवलेला, आणि डब्यावर तोच नंबर. होलोग्राम पण ओरिजिनल. म्हणजे मागणी बरोबर, नंबर बरोबर, डबा बरोबर. शेठ अजून खूष.

मग मी स्टेपलर उघडून पिना काढल्या. जुन्या बेअरिंगचं सील फडक्याने पुसलं, त्याला एक पिन लावली, चिकटून राहिली. दुसऱ्या बाजूला लावली, पडली. म्हणजे जुन्याला एका बाजूला चुंबक आहे, बरोबर. मग नवीन घेतलं. एका बाजूला लावली, पडली. उलटं केलं. पडली. परत पुसून परत लावली, खाली काउंटरवर टिक.

ड्रायव्हरला काय कळलं नाही, तो म्हणाला, जादूचे प्रयोग नंतर करा. पण मिस्त्रीला लगेच कळलं. "ह्याला चुंबकच न्हाई!" असं तो इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या टायरवाल्याने डोकं आत घातलं. मग मी थोडं डिझेल घेऊन बाहेरच्या कडेवरचं ग्रीस धुतलं, तिथे बारीक लेझरने नंबर मारलेला असतो, मोबाईलचा टॉर्च मारून वाचला. कंपनी तीच, माल ओरिजिनलच, पण नंबर विदाऊट एबीएसचा. डबा एकाचा आणि आत दुसरं.

शेठ म्हणाले, कंपनीकडनंच पॅकिंग चुकीचं आलं असणार, डिस्ट्रिब्युटरला क्लेम टाकू. मला पण तेच वाटलं. पण आमच्याकडे एक पद्धत आहे, माल विकताना डब्याच्या आतल्या झाकणावर बॉलपेनने तारीख टाकायची, वॉरंटीला माल परत आला तर आपलाच आहे का कळायला. झाकण उघडलं तर तिथे दोन तारखा. एक ह्या आठवड्यातली, माझ्या अक्षरातली. आणि तिच्या वर एक जुनी, खोडलेली.

म्हणजे हा डबा एकदा विकला जाऊन परत आलेला होता. कॉम्प्युटरला रिटर्न शोधला तर सापडला, कारण लिहिलेलं "फिट होत नाही", एका गॅरेजवाल्याच्या नावावर, पूर्ण पैसे जमा. त्या दिवशी मी लग्नाला गेलेलो, काउंटरला शेठ स्वतः. ह्या लाईनीत असणाऱ्यांना लगेच कळलं असेल. एबीएसचं बेअरिंग न्यायचं, आपल्याकडे पडून असलेलं न खपणारं विदाऊट एबीएसचं त्याच डब्यात घालून परत करायचं, कोण उघडून नंबर वाचत बसतंय. दोन्हींच्या किमतीत फरक असतोच. आता त्याने मुद्दाम केलं का त्याच्याही गॅरेजात पोरांनी डबे अदलाबदल केले, हे देव जाणे, शाबित काहीच होत नाही.

मी स्क्रीन शेठकडे फिरवली, काही बोललो नाही. त्यांनी वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला, परत वाचलं. मग ड्रायव्हरला म्हणाले, "बसा हो पाहुणं. चूक दुकानाची आहे." एवढं त्यांचं मानलं पाहिजे, दुसरा असता तर डिस्ट्रिब्युटरच्या नावाने पंधरा दिवस फिरवला असता.

पण खरं भांडण इथून सुरू झालं. बाहेरच्या लोकांना वाटतं चुकीचा पार्ट गेला तर बदलून दिला की मिटलं. पार्टचं काही नसतं हो, पार्ट आम्ही दहा मिनिटांत बदलून देतो. वाद लेबरचा असतो. गाडी एकदा खोलली, प्रेस मारला, मग सेन्सरसाठी खोलली, परत बेअरिंग काढायला खोलली, आता चौथ्यांदा खोलायची, ते पैसे कुणी द्यायचे? कंपनी लेबर देत नाही, डिस्ट्रिब्युटर देत नाही, बिलावर तसं कुठेच लिहिलेलं नसतं. शेठ म्हणाले बेअरिंग नवीन देतो, प्रेसचे पैसे देतो. ड्रायव्हर म्हणाला, आणि सेन्सर? शेठ म्हणाले इलेक्ट्रिकचा माल परत नाही, बोर्ड बघा. बोर्ड खरंच आहे, लाल अक्षरात.

ड्रायव्हर म्हणाला, "मला बिल काढून द्या, मी ग्राहक मंचात जातो."

शेठचा पुतण्या अकाउंट बघतो, तो आतून बोलला, टॅक्सी म्हणजे कमर्शियल, त्यांना मंचात जाता येत नाही. आणि इथे तो आपटला. ड्रायव्हर म्हणाला, "मी एकच गाडी स्वतः चालवतो, पोट भरायला. असल्याला जाता येतं. आमच्या युनियनमधला एक जण गेलाय." आणि ते खरंच आहे, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात धंद्यासाठी घेतलेला माल बाहेर ठेवलाय, पण स्वतः काम करून पोट भरण्यासाठी घेतलेला असेल तर तो माणूस ग्राहकच धरतात. पाच लाखापर्यंतच्या मालाला तक्रारीची फी पण नाही. शिवाय खराब निघालेला माल बिलावर सांगितलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार दिला तर ती अनुचित व्यापारी प्रथा होते. लाल बोर्डाने त्यातून सुटका होते असं मला वाटत नाही, हे मी शेठना आधीपण सांगितलंय. पुतण्या परत आत गेला.

तर बिल. पुतण्याने आतूनच प्रिंट सोडली, मला थांबवता आलं नाही. ड्रायव्हरने कागद हातात घेतला, आधी खालची ओळ वाचली. "चूकभूल देणे घेणे. तुम्हीच छापलंय. मग द्या की." शेठ हसले पण, वातावरण जरा हलकं झालं, आणि तेवढ्यात त्याची नजर वर गेली, रकमेवर.

"बेअरिंग तेराशे ऐंशी?"

कोणी काही बोललं नाही. मिस्त्री बाहेर रस्त्याकडे बघायला लागला, जणू काही कोणी हाक मारलीय.

"मिस्त्री, मला सोळाशे पन्नास सांगितलंवतं. आणि हा सेन्सर, तो पण..."

आता हे सगळ्या गावाला माहीत आहे की मिस्त्रीला दुकानात डिस्काउंट मिळतो आणि तो गिऱ्हाईकाला एमआरपी लावतो. त्यात गैर असं मला तरी काही वाटत नाही, तो दुकानात येतो, थांबतो, पार्ट ओळखतो, चुकला तर शिव्या खातो, त्याचं काहीतरी सुटलंच पाहिजे. पण ते असं कागदावर छापून समोर आलं की लाज निघते. पुढची दहा मिनिटं आम्ही वादातून पूर्ण बाहेर, ड्रायव्हर आणि मिस्त्रीच एकमेकांवर, इतके दिवसांची ओळख, बारशाला आलेलास, इथपर्यंत गेलं. शेठनी मला हळूच चहा सांगायला लावला.

चहा आल्यावर मिटलं ते असं. बेअरिंग दुकानाने दिलं, ह्यावेळी काउंटरवरच पिन लावून, पट्टीच्या बाजूला मार्करने ठिपका करून. प्रेसचे दोन्ही वेळचे आणि लेथवाल्याचे काढायचे पैसे शेठनी गल्ल्यातून दिले. लेबर मिस्त्रीने सोडलं, तोंड वाकडं करून, पण आता त्याला बोलायला तोंडच नव्हतं. सेन्सर शेठनी परत घेतला नाही, पण जुना सेन्सर चांगलाच होता तो परत लावायचा आणि नवा मिस्त्रीने आपल्याकडे ठेवून ड्रायव्हरला त्याचे पूर्ण पैसे परत द्यायचे, दुसऱ्या गाडीला लागेलच कधीतरी, असं ठरलं. म्हणजे बघितलं तर चूक आमची आणि सगळ्यात जास्त भुर्दंड मिस्त्रीला. मी तसं शेठना म्हटलं पण, नंतर, ते म्हणाले पुढच्या बिलात त्याला जरा बघून घेऊ. बघितलं का नाही मला माहीत नाही.

पुण्याच्या ट्रिपचे साडेचार हजार मात्र गेले ते गेले. ड्रायव्हरने दोनदा विषय काढला, दोनदा शेठनी हात जोडले. ज्याला ती पार्टी दिली तो आता त्यांचा नेहमीचा झालाय, असं मिस्त्री परवा सांगत होता, म्हणजे नुकसान साडेचारवर थांबलेलं नाही.

संध्याकाळी फोन आला, लाईट गेली. तेव्हापासून परत येणारं प्रत्येक बेअरिंग मी काढून नंबर वाचतो, पिन लावतो, आणि मगच रिटर्न टाकतो. गर्दीच्या वेळी लोक वैतागतात, वैतागू देत.

आणि ज्याच्या नावावर तो जुना रिटर्न होता, तो गॅरेजवाला अजून येतो. त्याला फोन केलेला तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही बघूनच घेतलंवतं ना परत?" ह्याला उत्तर नव्हतं. शेठनी त्याला काही बोलायचं नाही असं ठरवलंय, कारण त्याच्याकडे आमची अठरा हजार उधारी आहे आणि तो रागावला तर ती बुडेल.