लांब घाट उतरताना ब्रेक कसे दगा देतात

घाट चढताना कस लागतो इंजिनाचा, उतरताना ब्रेकचा. आमची गाडी माणसांनी आणि सामानाने गच्च भरलेली होती, म्हणून माथ्यावरच दुसरा गिअर टाकला आणि जवळजवळ पायथ्यापर्यंत तो बदलला नाही. इंजिनाचा आवाज वाढतो, मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू द्यावेत. दीड टनाची गाडी १००० मीटर खाली येते तेव्हा मोकळ्या होणाऱ्या ऊर्जेत ४० लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. इंजिनाने गाडी धरून ठेवली नाही, तर यातली बहुतेक उष्णता ब्रेकनाच पचवावी लागते.

निम्म्या उतारावर एक गाडी कडेला लागलेली दिसली. पुढच्या चाकांतून धूर, करपल्याचा उग्र वास, आत घाबरलेली मुलं. चालकाने पेट्रोल वाचवायला वरून न्यूट्रलवर गाडी सोडली होती. मी पेडल दाबून पाहिलं, ते कसलाच विरोध न करता तळाला टेकलं. बॉनेट उघडलं तर ब्रेक ऑइल गडद तपकिरी, कित्येक वर्षांत बदललेलं नव्हतं.

खरं कारण तिथेच होतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरू शकते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, आणि पायाचा सगळा जोर ती वाफ दाबण्यातच जातो. गार झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट लागलं. हाच क्षण सगळ्यात फसवा, कारण ऑइल जुनंच असतं. त्यांना तसंच निघायचं होतं, पण आम्ही हट्टाने टोइंगची गाडी बोलवायला लावली.

तुम्ही जाणार असाल तर निघण्यापूर्वी ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं नाही ना, चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दाबून धरणाऱ्या पॅडचा थर ३ मिलिमीटरच्या खाली गेला नाही ना, हे बघून घ्या. ऑइलची पातळी उतरली असेल तर नुसतं वरून भरू नका. पॅड तरी झिजलेत किंवा कुठे तरी गळती आहे. गाडी उभी असताना पेडलवर पाय दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर पेडलचा दाब ऑइलला देणाऱ्या मास्टर सिलिंडरचं सील गेलेलं असू शकतं, नाहीतर ऑइल गळतंय. पायाशी पाण्याची बाटली ठेवू नका, घरंगळून ती पेडलखाली अडकते.

पेडल घट्ट आहे पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते, किंवा पायाचा जोर वाढवून देणारा बूस्टर काम करत नसतो. उतारावर इंजिन बंद केलं तरी दोन-तीन दाबांत बूस्टरची मदत संपते, म्हणून चावीला हात लावायचा नाही.

ब्रेक गेलेच तर पेडल भराभर पंप करा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेकचं बटण दाबून ठेवून तो हळूहळू ओढा. एकदम खेचलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी फिरते. तरीही थांबली नाही तर दरीपासून दूर, डोंगराच्या बाजूला घ्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडा जातो.