साखरेची ओळ आणि तिच्या वरची ओळ

गेल्या वर्षी दिवाळी होऊन आठवडा उलटला आणि अप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शुगर सलग तीन दिवस संध्याकाळी दोनशेच्या वर आली. फराळाचे डबे तोवर रिकामे झाले होते, गोळ्या वेळेवर चालू होत्या आणि सकाळी आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर मंदिरापर्यंत चालत जाऊन येण्याचा त्यांचा नेमही मोडला नव्हता. घरात नवीन आलेली वस्तू एकच होती. नवी पेठेतून आणलेल्या एका बिस्किटांच्या पुड्यावर ‘साखर घातलेली नाही’ असे मोठ्या इंग्रजी अक्षरांत छापलेले होते आणि त्याच भरवशावर अप्पा चारच्या चहाबरोबर चार बिस्किटे निश्चिंत मनाने खात होते. तिसऱ्या दिवशी ग्लुकोमीटरवर २१४ हा आकडा पाहून ते मला म्हणाले, “अगं, यात साखर नाहीच की, मग वाढली कशानं?”

त्या प्रश्नाचे उत्तर पुड्याच्या मागच्या बाजूला छापलेले होते. पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅम बिस्किटांमागे एकूण साखर १.२ ग्रॅम आणि घातलेली साखर शून्य, असे दोन्ही आकडे खरेच होते. मात्र त्यांच्या वरच्याच ओळीत कर्बोदके (कार्बोहायड्रेट) ६८ ग्रॅम अशी नोंद होती. एक बिस्कीट आठ ग्रॅमचे, म्हणजे चार बिस्किटांचे ३२ ग्रॅम झाले आणि त्यांतून सुमारे २२ ग्रॅम कर्बोदके अप्पांच्या पोटात गेली. आमच्या घरच्या अर्ध्या भाकरीपेक्षा हे थोडे जास्तच भरते. मधुमेह असलेला माणूस दुपारी चार वाजता चहाबरोबर अर्धी भाकरी खात असेल तर त्याला ते जेवण म्हणून मोजावे लागेल, हे अप्पांना लगेच पटले. बिस्किटांना मात्र त्यांनी कधी जेवणात धरलेच नव्हते.

घटकांच्या यादीत पहिले नाव मैद्याचे होते. मैद्यातला स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्याच लांबलचक साखळ्या असतात. त्या तोंडातल्या लाळेपासून तुटायला लागतात, लहान आतड्यात त्यांचे पूर्ण ग्लुकोज होते आणि ते रक्तात उतरते. आपल्या डब्यातल्या पांढऱ्या साखरेत निम्मे ग्लुकोज आणि निम्मे फ्रुक्टोज असते, तर स्टार्चमध्ये सगळे ग्लुकोजच असते. जिभेला गोड लागत नाही एवढ्यावरून एखादा पदार्थ रक्तातली साखर वाढवणार नाही असे मानणे किती धोक्याचे आहे, हे मला त्या दिवशी नीट कळले.

त्या रात्री अप्पांनी स्वतः तक्ता वाचायला घेतला, तेव्हा त्यांची आणखी एक अडचण माझ्या लक्षात आली. त्यांनी कर्बोदके, एकूण साखर आणि घातलेली साखर या तिन्ही ओळींची बेरीज केली. तक्त्याची मांडणी पाहिली तर हे अगदी साहजिक आहे, कारण ओळी एकाखाली एक येतात आणि एक दुसरीच्या पोटात आहे हे सांगणारे शब्द असलेच तर फार बारीक असतात. प्रत्यक्षात कर्बोदकांच्या आकड्यात एकूण साखर आधीच धरलेली असते आणि एकूण साखरेत घातलेली साखर. मी त्यांना घरातल्याच वस्तू दाखवून समजावले. कर्बोदके हे पिठाचे मोठे पातेले, एकूण साखर ही त्यात ठेवलेली वाटी आणि घातलेली साखर हा त्या वाटीतला चमचा. पातेल्याचे वजन केले की वाटी आणि चमचा त्यात आलेच, ते पुन्हा वेगळे मोजायचे नाहीत.

भाषेची अडचण मला अधिक टोचते. कायद्याने पाकिटावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरीतल्या हिंदीत असला की पुरे होते आणि मराठी देणे उत्पादकाच्या इच्छेवर राहते. ज्या शहरात यंत्रमागावर आणि विड्या वळण्यात आयुष्य गेलेली मंडळी मराठी, तेलुगू, कन्नड बोलतात, तिथे मधुमेहाच्या रुग्णाने ‘टोटल शुगर्स’ आणि ‘अॅडेड शुगर्स’ यांतला फरक मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांतून ओळखावा, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते. मी एका जाड कागदावर त्या चार-पाच इंग्रजी शब्दांचे उच्चार आणि त्यांपुढे मराठी अर्थ लिहून तो कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे.

तक्त्यात बहुधा दोन रकाने असतात. एक १०० ग्रॅमचा किंवा १०० मिलिलिटरचा आणि दुसरा एका वेळच्या वाढणीचा, मात्र ही वाढणी उत्पादकाने ठरवलेली असते. एका चिवड्याच्या पाकिटावर एक वाढणी ३० ग्रॅम लिहिलेली होती. मी तेवढा चिवडा काट्यावर मोजून वाटीत घातला, तेव्हा तो वाटीच्या तळाशीच राहिला. आमच्याकडे कोणी पाहुणा आला तरी त्याला याच्या दुप्पट चिवडा दिला जातो. म्हणून मी १०० ग्रॅमचा आकडा घेते, घरात खरोखर खाल्ले जाते तेवढे वजन करते आणि गुणाकार करते. दोनशे-तीनशे रुपयांचा स्वयंपाकघरातला काटा मधुमेहाच्या घरात ग्लुकोमीटरइतकाच उपयोगी आहे, असे माझे मत झाले आहे.

टक्केवारीचा जो रकाना असतो, त्यावर मधुमेह असणाऱ्याने फार विसंबू नये. तो २००० किलोकॅलरी आहार घेणाऱ्या सर्वसाधारण प्रौढ माणसासाठी आहे आणि त्यात घातलेल्या साखरेची मर्यादा दिवसाला ५० ग्रॅम धरलेली आहे. एकूण कर्बोदकांची टक्केवारी तिथे द्यावी लागत नाही, म्हणजे अप्पांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या ओळीपुढचा हा रकाना बहुतेक वेळा रिकामाच असतो. त्यांच्या आहारतज्ज्ञ बाईंनी दुपारच्या जेवणाला साधारण ५० ग्रॅम कर्बोदके ठरवून दिली आहेत. हा आकडा त्यांचे वय, वजन आणि औषधे पाहून काढलेला आहे, त्यामुळे दुसऱ्या कोणी तो उचलू नये.

आता ज्वारीविषयी लिहायलाच हवे, कारण सोलापूरच्या माणसाची सर्वांत मोठी गैरसमजूत तिथेच आहे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला मनापासून अभिमान आहे. ज्वारीत तंतुमय पदार्थ चांगले असतात आणि ती पांढऱ्या भातापेक्षा सावकाश पचते. परंतु ‘ज्वारी शुगरला चालते’ या वाक्याचा आमच्याकडे ‘ज्वारी कितीही चालते’ असा अर्थ होऊन बसला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम कर्बोदके आणि सुमारे १० ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. आमच्या घरी एका भाकरीला ६० ग्रॅम पीठ लागते, म्हणजे एका भाकरीत ४१ ग्रॅम कर्बोदके आली. अप्पा पूर्वी दुपारी अडीच भाकऱ्या खात असत. तो हिशेब शंभर ग्रॅमच्या वर जातो आणि त्यात आमटीतली डाळ धरलेलीच नाही.

कडक भाकरीच्या बाबतीत लेबल वाचणारा आणखी एका ठिकाणी चुकू शकतो. मी एक ताजी भाकरी तव्यावरून उतरल्यावर तोलली, तर ती ९० ग्रॅमच्या आसपास भरली. तशीच दुसरी भाकरी मंद आचेवर पूर्ण कडक करून तोलली, तेव्हा काटा ५८ ग्रॅमवर थांबला. पीठ तेच आणि तेवढेच होते, फक्त पाणी उडून गेले होते. म्हणजे १०० ग्रॅमचा हिशेब मांडला तर ताज्या भाकरीत ४५ ग्रॅम आणि कडक भाकरीत ७० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके दिसतील. हे आकडे शेजारी ठेवून कडक भाकरी वाईट ठरवणे चूक आहे, आणि ती वजनाला हलकी लागते म्हणून शेंगाचटणीबरोबर गप्पा मारता मारता चार-पाच मोडून खाणे हीदेखील चूकच आहे. दुकानातल्या पाकिटातली पातळ भाकरी माझ्या काट्यावर ३५ ग्रॅमची निघाली, म्हणजे एकीत साधारण २५ ग्रॅम कर्बोदके झाली. दोन खाल्ल्या की अप्पांचा दुपारचा वाटा संपतो. शेंगाचटणीत कर्बोदके कमी असतात. तिच्या लेबलवर मीठ आणि स्निग्ध पदार्थ यांच्या ओळी पाहाव्यात, विशेषतः रक्तदाबही असेल तर.

ज्वारीच्या नावाने विकली जाणारी बिस्किटे हा वेगळाच विषय आहे. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. मी पाहिलेल्या एका पुड्यावर समोर ज्वारीचे भरगच्च कणीस होते आणि यादीत पहिला मैदा, मग वनस्पती तेल, मग साखर आणि त्यानंतर ज्वारीचे पीठ १८ टक्के होते. साखर वेगवेगळ्या नावांनी आली, तर प्रत्येक नाव यादीत खाली सरकते, म्हणून लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, गूळ, मध, माल्ट एक्स्ट्रॅक्ट ही सगळी नावे मी मनात एकत्र धरते. संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत घरोघरी तिळगूळ असतो आणि गूळ साखरेपेक्षा बरा, असे प्रत्येक जण प्रेमाने सांगतो. त्याच हैदराबादच्या तक्त्यांत १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदके दिलेली आहेत.

माल्टोडेक्स्ट्रिन या नावाकडे विशेष लक्ष द्यावे. स्टार्च तोडून केलेली ही पावडर बहुतांशी साखरेच्या ओळीत धरली जात नाही, कर्बोदकांच्या ओळीत जाते आणि रक्तातली साखर मात्र झपाट्याने वाढवते. माल्टिटॉलसारखे गोडी देणारे पदार्थ साखरेपेक्षा कमी वाढवतात, परंतु अजिबात वाढवत नाहीत असे नाही, आणि जास्त झाले की पोट बिघडवतात.

सगळीच साखर संशयाने पाहावी असेही नाही. साध्या दुधात १०० मिलिलिटरमागे साधारण साडेचार ते पाच ग्रॅम साखर असते, ती दुधाची स्वतःची लॅक्टोज असते आणि घातलेल्या साखरेच्या ओळीत तिथे शून्य येते. सुगंधी दुधाच्या बाटलीवर दोन्ही ओळींत आकडे दिसतात आणि त्यांतली घातलेल्या साखरेची ओळ पाहिली की वरून किती साखर पडली ते कळते. फळांच्या रसाला मात्र हा न्याय लावू नये. साखर न घातलेल्या रसातही १०० मिलिलिटरला दहा-बारा ग्रॅम साखर सहज असते. ‘शंभर टक्के फळांचा रस’ हा दावा लेबलवरून काढून टाकावा, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिला. आमच्या जिल्ह्यात डाळिंबे मुबलक असल्याने अप्पा मूठभर दाणे चावून खातात आणि रस टाळतात.

एक प्रसंग सांगते, कारण त्यात हे सगळे वाचन उलट्या दिशेने करावे लागले. फेब्रुवारीत एके दिवशी अप्पा बँकेतल्या रांगेमुळे उशिरा घरी आले, त्यांना दरदरून घाम सुटला होता आणि हात थरथरत होते. मशीनवर ६२ आले. सत्तरच्या खाली गेले की ताबडतोब गोड द्यायचे, हे आईला ठाऊक होते, म्हणून तिने हाताला लागलेल्या बरणीतली बिस्किटे दिली. ती नेमकी साखर नसलेली होती. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहिले तर ६६. पीठ पचून त्याचे ग्लुकोज व्हायला वेळ लागतो, सोबतच्या तेलामुळे तो आणखी वाढतो आणि अशा वेळी तेवढा वेळ हातात नसतो. मग मी ग्लुकोजची पावडर पाण्यात ढवळून दिली आणि पुढच्या पंधरा मिनिटांत आकडा ९८ वर आला. ग्लुकोजच्या डब्यावर कर्बोदके आणि एकूण साखर हे दोन्ही आकडे जवळजवळ सारखे आहेत. एरवी असे लेबल पाहून मी वस्तू परत फळीवर ठेवली असती, पण साखर उतरल्यावर नेमके तेच लागते. अप्पा जेवणाआधी व्होग्लिबोज घेतात. ती गोळी साधी साखर फुटण्याचा वेग कमी करते, म्हणून त्यांच्यासाठी साखरेऐवजी ग्लुकोजच ठेवा, असे डॉक्टरांनी नंतर बजावले. तपासणीला गेल्यावर त्यांनी दुसऱ्या एका गोळीचे प्रमाणही कमी केले, कारण खाण्यातली कर्बोदके घटली होती आणि गोळी मात्र पूर्वीइतकीच चालू होती. आहारात असा बदल करण्याआधीच त्यांना विचारायला हवे होते.

अप्पांच्या सदऱ्याच्या खिशात आता काट्यावर मोजलेल्या पंधरा-पंधरा ग्रॅम ग्लुकोजच्या दोन पुड्या असतात. घामाने त्या ओल्या होतात, म्हणून दर सोमवारी मी नव्या बांधून देते.