धुरासकट

नाशकात आतषबाजीचे फोटो काढायचे म्हटलं की बहुतेक जण गोदाघाट गाठतात. अहिल्याबाई होळकर पुलावर ट्रायपॉड लावायचा, देवळांच्या शिखरांवर फुटणारे शॉट्स आणि पाण्यातलं त्यांचं प्रतिबिंब टिपायचं. मीही तिथे पुष्कळ काम केलंय. पण एका दिवाळीला वेगळंच काम आलं. जुन्या नाशकात, भद्रकालीच्या मागच्या अंगाला एका वाड्याचा फोटो हवा होता. कुटुंब चार भावांचं. वाडा बिल्डरला दिलेला, तुळशीचं लग्न उरकलं की पाडायला घेणार. थोरल्या काकांचं फोनवरचं मागणं सरळ होतं. "सगळी माणसं दारात, वर फटाके, आणि आख्खा वाडा दिसला पाहिजे. एकाच फोटोत."

हे बोलायला सोपं आहे. लक्ष्मीपूजन येतं अमावास्येला. आकाश मिट्ट काळं, आणि वाड्याची कौलं जुनी, काजळलेली. काळ्यावर काळं. छप्पर कुठे संपतं आणि आकाश कुठे सुरू होतं ते कॅमेऱ्याला कळत नाही. संध्याकाळी साडेसहाच्या आत काढला तर मागे निळसर उजेड मिळतो, पण तेव्हा घरोघरी पूजा चालू असते, फटाके नसतात. शिवाय दिवाळीत फटाके रात्री आठ ते दहा याच वेळात उडवायचे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलेलं आहे. म्हणजे काम त्या दोन तासांतच उरकायचं.

आदल्या दिवशी जाऊन जागा बघितली. समोरच्या घराची गच्ची मिळाली. तिथून दगडी जोतं, सागवानी खांब, पहिल्या मजल्याचा सज्जा आणि वर आढ्यापर्यंत सगळं फ्रेममध्ये बसत होतं. उरलेल्या आकाशाची दिशा सराफ बाजाराची. व्यापाऱ्यांचं वहीपूजन आटोपलं की तिकडे भरपूर आतषबाजी होते, त्यामुळे मागच्या बाजूची मला काळजी नव्हती. काळजी होती ती माणसांची.

आतषबाजीच्या फोटोत शटर किती वेळ उघडं ठेवलं यावर ठिणगीचा उजेड ठरत नाही. ठिणगी पुढे सरकत असते, सेन्सरच्या एका बिंदूवर ती क्षणभरच थांबते. ती किती उजळ येणार हे अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते) आणि आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) ठरवतात. वेळ वाढवली तर ठिणग्यांच्या रेघा लांबतात, जास्त बार एका फ्रेममध्ये येतात आणि खालची स्थिर वस्तू उजळते. स्थिर! पणतीच्या उजेडात वाडा नीट दिसायला अर्धा मिनिट लागलं असतं, आणि अर्धा मिनिट न हलणारी पाच वर्षांची मुलगी मी अजून पाहिलेली नाही. फ्लॅश मारला तर सागवानाचा सगळा रंग जातो.

म्हणून उजेड भुईनळ्यांचाच घ्यायचं ठरवलं. डोंगरे वसतिगृहाच्या मैदानावरच्या स्टॉलवरून मोठे भुईनळे आणले आणि एक गच्चीवर लावून त्याचा उजेड मीटरने मोजून घेतला. आयएसओ 100, एफ 8, चार सेकंद. एवढ्यात चेहरेही येतात आणि सज्जाची नक्षीही. भुईनळा थेट दिसला तर तिथे पांढरा डाग पडतो, म्हणून तीन भुईनळे पायऱ्यांच्या दोन्ही टोकांना दगडाच्या आडोशाला ठेवायचे. वाळकं सागवान आणि ठिणग्या हे काही बरं नव्हे, तेव्हा पाण्याच्या बादल्या, ओली पोती आणि घरातला एक जण जोत्यावर सतत हजर. बाण मागच्या मोकळ्या जागेतून थोरली मुलं सोडणार, मी फोनवर "सोड" म्हटलं की.

रात्री पूजा लांबली. आरत्या झाल्या, लाह्या-बत्तासे वाटून झाले, आजींच्या पाया पडायची रांग लागली. माणसं दारात येईपर्यंत पावणेनऊ झाले आणि तोवर गल्ली धुराने गच्च भरली होती. वारा अजिबात नव्हता. मी गच्चीवर उदबत्ती लावून ठेवली होती, तिचा धूर दोरा धरल्यासारखा सरळ वर जात होता. त्या ऋतूत रात्री जमिनीलगतची हवा आधी गार होते आणि धूर वर उठायचा सोडून खालीच बसतो. पहिल्या फ्रेममध्ये वाडा दुधात बुडवल्यासारखा आला. दुसरीतही तेच. आजींना ठसका लागला, त्यांना आत नेलं.

पुण्याहून आलेला पुतण्या वर गच्चीवर आला. स्क्रीन बघून म्हणाला, "दादा, तुम्ही नुसती माणसं आणि वाडा काढा. फटाके नंतर चिकटवता येतील की. नेटवर हवं तसं आकाश मिळतं."

मिळतं, खरंच मिळतं. लग्नाच्या अल्बमपासून नगरसेवकांच्या फ्लेक्सपर्यंत तेच चाललंय. पण हा वाडा पुढच्या महिन्यात नसणार होता. पन्नास वर्षांनी कोणी हा फोटो बघेल तेव्हा त्या रात्री या कौलांवर काय फुटत होतं याचा दुसरा पुरावा कुठेच नसेल. तिथे मी कुठल्या तरी परगावचं आकाश आणून बसवू? चार सेकंदांत तीन बाण येतात, डोळ्यांना ते एकदम दिसलेले नसतात, हे मला मान्य आहे. पण ते त्याच गल्लीवर, त्याच चार सेकंदांत फुटलेले असतात. मी त्याला नाही म्हणून सांगितलं, जरा जोरातच.

मग वाड्याकडे नीट बघत राहिलो. सराफ बाजाराकडे एकापाठोपाठ फुटणाऱ्या लाल शॉट्सची एक पेटी उडाली आणि एकदम आढ्याची रेघ दिसली! मागचा धूर लाल होऊन पडद्यासारखा पेटला होता आणि त्यावर कौलांची ओळ न् ओळ उमटली होती. शॉट विझला तसं छप्परही गेलं. ज्या धुराच्या नावाने मी तासभर चडफडत होतो, तोच काळ्यापासून काळं वेगळं करत होता. मागचा धूर मला हवाच होता, नको होता तो माझ्या आणि वाड्याच्या मधला. आणि तो गल्लीतल्या फटाक्यांचा होता.

खाली जाऊन काकांना सांगितलं, गल्लीतले फटाके पंधरा मिनिटं थांबले तर जमेल. काका स्वतः दारोदार गेले. दिवाळीच्या रात्री, दहाची वेळ जवळ आलेली, पोरांच्या हातात पेटत्या उदबत्त्या, आणि हे गृहस्थ हात जोडून सांगतायत, "जरा दम धरा, आमच्या वाड्याचा फोटो आहे." मला वाटलं नव्हतं, पण गल्ली थांबली. एका घराने लवंगीची माळ अंथरून ठेवली होती, ती त्यांनी गुंडाळून परत आत नेली.

मधली हवा निवळायला दहा-बारा मिनिटं लागली. लेन्सचा फोकस आधीच हाताने लावून टेपने चिकटवलेला होता, नाहीतर अशा धुरात ऑटोफोकस नुसता पुढे-मागे धावत राहतो. आजींना परत आणून मधल्या पायरीवर खुर्चीत बसवलं. उभ्या असलेल्यांना खांबांना पाठ टेकायला सांगितली आणि "मी मोजायला लागलो की श्वास सोडून स्थिर" अशी तालीम घेतली. आता गल्लीतली सगळी माणसं कडेला उभी राहून बघत होती. आजी काकांना काहीतरी म्हणाल्या. काकांनी मला वर हाक मारली, "फोटोत ही शेजारची मंडळीही येतील. आई म्हणतेय, त्यांनी आपल्यासाठी फटाके थांबवले."

फ्रेममध्ये जागा होती. मंडळी जोत्याच्या दोन्ही अंगांना उभी राहिली.

भुईनळे पेटले. ठिणग्यांचं झाड पूर्ण फुलायला दोन-तीन सेकंद लागतात, तेवढी वाट बघितली आणि "सोड" म्हटलं. बाणाची शेपटी कौलांवर दिसताक्षणी केबल रिलीज, म्हणजे कॅमेऱ्याला हात न लावता शटर उघडायचं वायरीचं बटण, दाबली. सराफ बाजाराकडे नेमकं काय उडेल ते माझ्या हातात नव्हतं, म्हणून हेच पुन्हा पुन्हा केलं, भुईनळे संपेपर्यंत. एकदा मागे हिरवं आलं, एकदा नुसतं पांढरं. एका फ्रेममध्ये मागे लाल, वर दोन बाण आणि त्यातल्या एकाचे तारे निळे. निळा तांब्याच्या क्षारांमुळे येतो, आणि तो सगळ्यात नाजूक. ज्योत जरा जास्त तापली की फिका पडतो, फोटोत जरा जास्त उजेड घेतला तरी पांढरा होतो. या फ्रेममध्ये तो निळाच राहिला होता. छोटीने मान हलवली होती, तिचा चेहरा थोडा पुसट आहे. बाकी एकूण एक माणूस ओळखू येतं.

प्रिंट घेऊन गेलो तेव्हा पुतण्याने आधी धुराकडे बोट दाखवलं. काकांनी त्याच्या हातून प्रिंट काढून घेतली आणि आढ्याची रेघ, सज्जा, माजघरावरचं छप्पर असं एकेक करून त्याला दाखवलं. मग चार भावांसाठी चार प्रिंट सांगितल्या. आठवड्याभरात गल्लीतून आणखी सात घरांनी मागितल्या. त्या मी कागदाच्या खर्चात करून दिल्या.