उंदराच्या वर्षी जन्मलेल्या दोघी

बीजिंगमधल्या तिसऱ्या दिवशी मेट्रोच्या चार नंबरच्या लाइनने युआनमिंगयुआनला गेले. ही तिथली जुनी शाही बाग. मला तिथला उंदीर जिथे बसायचा ती जागा बघायची होती.

माझा जन्म १९७२चा, चिनी हिशेबाने उंदराच्या वर्षातला. त्यातही पाण्याचा उंदीर. बारा प्राण्यांना पाच तत्त्वांची जोड देऊन त्यांचं साठ वर्षांचं चक्र होतं, आपल्या साठ संवत्सरांसारखं. बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेल्या पोरीच्या वाट्याला पाणी आलं, हे वाचलं तेव्हा लगेच आईला फोन केला होता. पोटात मी असताना ती दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, मिलो ज्वारीची भाकरी खाऊन. ती म्हणाली, "उंदीर कुठला गं तेव्हा, कणगीत दाणा नव्हता."

बागेतल्या हाययेनथांग या महालासमोरचं कारंजं म्हणजे छ्येनलुंग बादशहाचं पाण्याचं घड्याळ. अठराव्या शतकात त्याच्या दरबारातल्या जेसुइट मिशनऱ्यांनी, काश्तिल्योने आणि बनुआ यांनी, ते उभं केलं. दोन्ही बाजूंना त्या बारा प्राण्यांच्या सहा-सहा मूर्ती, अंगात झगे, धड दगडाचं आणि मुंडकं ब्राँझचं. दर दोन तासांनी ज्याची पाळी त्याच्या तोंडून पाणी उडायचं, भर दुपारी बाराही जणांच्या. उंदराची पाळी रात्री अकरा ते एक. सगळं निजलेलं असताना जागा असणारा तोच, म्हणून दिवसाची सुरुवात त्याच्यापासून. मला हे फार पटतं.

आता तिथे कोरडा हौद आहे, फुटके खांब आहेत आणि मधोमध भला मोठा दगडी शिंपला. १८६०मध्ये इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी बाग लुटून पेटवून दिली. मुंडकी जगभर पांगली. उंदीर आणि ससा २००९मध्ये पॅरिसच्या लिलावात निघाले. एका चिनी माणसाने सगळ्यात मोठी बोली लावली आणि नंतर पैसे द्यायला साफ नकार दिला. शेवटी २०१३मध्ये एका फ्रेंच कुटुंबाने ती दोन्ही चीनला परत दिली. उंदीर आता राष्ट्रीय संग्रहालयाचा आहे. बागेत परत आलाय तो एकटा घोडा, २०२०पासून. त्याच्यासमोर मी बराच वेळ उभी होते. कपाळावर आलेली आयाळ, एकेक केस कोरलेला, तोंड जरासं उघडं. ड्रॅगन, साप, मेंढी, कोंबडा, कुत्रा अजून बागेत नाहीत, संग्रहालयातही नाहीत.

हौदाच्या कडेला एक बाई बसल्या होत्या. त्यांनी मला विचारलं, "नी शू शेन्मा?" तुझा प्राणी कोणता? तिकडे वय विचारायची ही रीत. एवढं चिनी मला येत होतं. मी म्हटलं, "शू शू." पहिला शू म्हणजे 'अमक्या प्राण्याची', दुसरा म्हणजे उंदीर. त्यांनी माझा हातच धरला. त्याही उंदराच्याच, पण एक फेरा आधीच्या. मग माझ्या हातावर दोन बोटं चालवत त्यांनी गोष्ट सांगितली: उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी पार करतो आणि काठ आला की उडी मारून पहिला येतो. मनगटाशी आल्यावर बोटांनी टुणकन उडी घेतली.

मी पेरांवर मोजलं. बारा वजा केले की १९६०. चीनमधल्या त्या भयंकर उपासमारीचं वर्ष. मी काही विचारलं नाही. त्यांनीच फोन तोंडाजवळ धरला, बोलल्या, आणि पडद्यावर भाषांतर उमटलं: "आई सांगायची, मी झाले तेव्हा घरात उंदीरसुद्धा उरले नव्हते."

मी त्यांना आईचं वाक्य ऐकवलं. कणगी हा शब्द काही यंत्राला कळेना, म्हणून हातांनी गोल दाखवला आणि आत मूठ रिकामी केली. त्यांना कळलं.

त्यांनी पिशवीतून सूर्यफुलाच्या बिया काढून माझी ओंजळ भरली. मग हौदाकडे तोंड करून आम्ही दोघी दातांनी बिया फोडत बसलो, टरफलं एका कागदात गोळा करत.