१३ जानेवारीची सकाळची पाळी

आमच्या मजल्यावर त्यांना सगळे मादाम म्हणायचे. पेशंट, स्वयंपाकघरातली पोरं, रात्रीचा सिक्युरिटीवाला, सगळेच. ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागातल्या एका नर्सिंग होममध्ये मी चार्ज नर्स आणि त्या नर्सिंग असिस्टंट. मूळच्या हैतीच्या, माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या. गेल्या महिन्यात त्या झोपेतच गेल्या. शोकसंदेशांत एक गोष्ट पुन्हापुन्हा आली: हैतीत भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा मादाम कामावर हजर होत्या, केवढी ही सेवावृत्ती! हजर होत्या हे खरं. पण त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर होते, म्हणून सांगते.

भूकंप मंगळवारी झाला, १२ जानेवारी २०१० ला, दुपारी ४ वाजून ५३ मिनिटांनी. हिवाळ्यात हैतीचं आणि न्यूयॉर्कचं घड्याळ एकच चालतं. सात ते तीनची पाळी संपवून मादाम दुसऱ्या नोकरीवर गेल्या होत्या, एका म्हाताऱ्या गृहस्थांना सांभाळायला. त्यांच्याच टीव्हीवर बातमी पाहिली. मादामच्या दोन्ही मुली हैतीतल्या लेओगान गावी आजीजवळ, मादामचा थोरला भाऊ राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये शाळामास्तर. भूकंपाचं केंद्र लेओगानजवळ होतं, पण टीव्हीवर सारखी राजधानीच दाखवत होते. घुमट खचलेल्या पांढऱ्या राष्ट्रपती भवनाचा तो फोटो.

बुधवारी सकाळी सातच्या आधी त्या आल्या. युनिफॉर्म इस्त्रीचा, डोळे लाल. आमच्याकडच्या असिस्टंट, लाँड्रीतल्या बायका, स्वयंपाकी, निम्म्याहून अधिक माणसं हैतीची. मला वाटलं होतं मजला रिकामा असेल. एकही गैरहजर नव्हतं. मी मादामना म्हटलं, तुम्ही घरी जा, मी बघते. त्या म्हणाल्या, "घरी बसून काय करू? फोन तिथूनही लागत नाही. आणि पोरी जिवंत निघाल्या तर पैसे लागतील." रजा म्हणजे बिनपगारी रजा, हे मला माहीत होतं. पुढे बोलायला जागाच उरली नाही.

ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम होता. त्या दिवशी मी तो नियम गुंडाळून ठेवला. जे स्वतः कूस बदलू शकत नाहीत अशा पेशंटना दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला, टाचांना जखमा होतात. मादाम एकेकाला वळवायच्या, पाठीमागे उशी लावायच्या, हातमोजे काढून हात धुवायच्या, मग नंबर फिरवायच्या. लाइन लागायची नाही. पुढची खोली. साडेदहाच्या सुमारास त्यांनी मला हाक मारली. वाटलं, फोन लागला. तर एका आजींच्या माकडहाडावर लालसर डाग होता, दाबला तरी पांढरा न पडणारा. जखमेची ती पहिली खूण. आदल्या रात्रीच्या चार्टमध्ये त्वचा उत्तम म्हणून नोंद होती. लिहिणारीही प्रशिक्षित नर्सच होती बरं का. मादाम हैतीत फ्रेंचमधून नर्सिंग शिकलेल्या, पण इथली नर्सिंगच्या परवान्याची इंग्रजीतली परीक्षा त्यांनी कधी दिली नाही. दोन नोकऱ्यांत अभ्यास कधी करणार? त्यामुळे त्यांना जे दिसायचं ते लिहिण्याचा अधिकार मला, आणि पगारही मलाच जास्त.

हॉलमधल्या टीव्हीसमोर हैतीतल्या जाक्मेल गावच्या एक नव्वदीच्या आजी बसायच्या. स्मृतिभ्रंश असला तरी क्रेयोल, म्हणजे हैतीची बोली, ऐकली की कान टवकारायच्या. मादामनी चॅनल बदलून बक्षिसांचा खेळ लावला आणि त्यांना सांगितलं की हैतीत वीज गेलीय, म्हणून बातम्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना किल्लारीबद्दल सांगितलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. मी तेव्हा सोलापूरला नर्सिंगला होते, जखमी माणसं ट्रकनं येत होती. आमच्याकडे दगडमातीच्या जाड भिंती लोकांवर कोसळल्या होत्या. त्यांच्याकडे लोखंड कमी घातलेले सिमेंटचे स्लॅब. हे सगळं त्यांनी ऐकल्यासारखं केलं. मग मी मंगरूळच्या तान्ह्या मुलीचं सांगितलं, दीड वर्षाची, पाच दिवसांनी ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेली. तेव्हा त्यांनी चमचा खाली ठेवला. "किती दिवसांनी?" पाच. "खात्रीनं?" खात्रीनं. दुपारपर्यंत लाँड्रीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांना इंडियातल्या त्या मुलीची गोष्ट ठाऊक झाली होती. सोपं समाधान दिलं असं कुणी म्हणेल. म्हणू देत.

तीन वाजता पाळी संपली. त्या फ्लॅटबुश अ‍ॅव्हेन्यूवर डॉलर व्हॅन, म्हणजे रस्त्यात हात करून पकडायची स्वस्त खासगी गाडी, पकडून पुन्हा दुसऱ्या कामावर गेल्या.

शुक्रवारी एका चुलतभावाचा निरोप आला. मुली आणि आजी जिवंत, घर आडवं, मैदानात चादरी बांधून झोपतात. भाऊ सापडला नाही, पुढेही नाही. राजधानीबाहेर तितायेनला हजारो प्रेतं बिननावाची पुरली गेली, त्यांतच असेल असं त्यांनी धरून टाकलं. त्याच दिवशी अमेरिकेनं आधीपासून इथे असलेल्या, कागदपत्रं नसलेल्या हैतीवासीयांना तात्पुरतं संरक्षण जाहीर केलं. लाँड्रीतल्या एकीला त्याचा फायदा झाला. मादामकडे ग्रीन कार्ड होतं, पण मुलींचा अर्ज रांगेत, आणि भूकंपानं ती रांग काही हलली नाही. मुली इथे पोचल्या तोवर धाकटी आईला व्हिडिओवरून जास्त ओळखत होती. मग दर १ जानेवारीला तिघी मिळून सूप जुमू करून मजल्यावर आणायच्या. लाल भोपळ्याचं सूप, फ्रेंच मालकांच्या काळात गुलामांना निषिद्ध, १८०४ च्या स्वातंत्र्यापासून घरोघरी. जाक्मेलच्या आजी गेल्या त्या वर्षीही त्यांच्या नावाचा वाडगा होता.

अंत्यविधीला थोरली भेटली. ती आता रजिस्टर्ड नर्स आहे, आईनं न दिलेली परीक्षा पहिल्या फटक्यात पास. चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. तिनं मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "मावशी, आईच्या शेवटच्या पंधरवड्याच्या ओव्हरटाइमचे पैसे आले नाहीत. युनियनकडे जायचंय. हजेरीचे कागद तुम्हाला कळतात, याल का बरोबर?"

सोमवारी जाणार आहोत.