तुर्कूतली पिवळी नाचणी

फिनलंडमध्ये, हेलसिंकीच्या हाकानिएमी भागातल्या एका आशियाई दुकानात अख्खी नाचणी मिळाली, तेव्हा गल्ल्यावरच्या मुलीला मी दोनदा थँक्यू म्हणालो. मी राहतो त्या तुर्कूहून दोन तास ट्रेनने जायचं आणि अर्धा किलो नाचणी घेऊन परत यायचं, म्हणजे वेडेपणाच. बरं, भाकरीसाठीही नाही. पेरायला.

वसईत आमच्या घरी डिसेंबर लागला की आई जुन्या ताटल्यांत माती घालून नाचणी पेरते. नाताळपर्यंत बोटभर हिरवीगार रोपं वर येतात. मग येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्याभोवती ती शेतं म्हणून मांडायची, मध्ये आरशाचा तुकडा ठेवायचा, तो बावखल, म्हणजे आमच्याकडचं तळं. आमच्या गोठ्यात बेथलेहेम कमी आणि वसईतलं भुईगाव जास्त असतं.

या वर्षी जायला जमलं नाही. जहाजाच्या पाइपांच्या आराखड्यांचं काम जानेवारीत द्यायचं होतं आणि तिकिटाचा आकडा बघून मी लॅपटॉप मिटला. बत्तीस वर्षांत घराबाहेरचा हा पहिलाच नाताळ. ठरवलं, कंदील नको, केक नको, करंज्यांचा घाट तर नकोच. गोठा, नाचणी आणि मिस्सा (चर्चमधली उपासना), एवढंच करायचं.

गोठा पार्सलच्या खोक्याचा केला. बाळ येशू आईने ऑगस्टमध्येच माझ्या मोज्यांत गुंडाळून बॅगेत घातला होता. बाकीची मंडळी इथल्या जुन्या बाजारात शोधली. योसेफ आणि मरिया मिळाली, एकमेकांना न शोभणाऱ्या मापाची. योसेफ तिच्या खांद्याला लागतो. बैल काही मिळेना. मिळाला तो लाल दोऱ्याने बांधलेला पेंढ्याचा बोकड, दोन युरोला. तो इथे नाताळात घरोघर असतो. बैलाच्या जागी बोकड बसवला.

नाचणीने मात्र दमवलं. पहिलं ताट मी खिडकीखालच्या हीटरवर ठेवलं. ऊब मिळेल, हा हिशोब. कोंब झपाट्याने आले आणि चौथ्या दिवशी माती भाजलेल्या रव्यासारखी झाली. दुसऱ्यांदा दोन ताटं पेरून टेबलावर ठेवली. या वेळी उगवली, पण उजेडच नाही! डिसेंबरात इथे पावणेदहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेतीनच्या आत सूर्य गेलेला असतो, तोही ढगांआडून. रोपं लांबुडकी, पिवळट आणि सगळी खिडकीकडे मान टाकून. रात्री मी त्यांच्यावर टेबललॅम्प धरायचो. आजाऱ्याच्या उशाशी बसावं तसं.

एकदा शेजारच्या आजी माझं चुकून त्यांच्याकडे गेलेलं पत्र द्यायला आल्या. (इथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात, नावाने हाक मारतात. सत्तरीच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही, म्हणून मी त्यांना काहीच म्हणत नाही.) त्यांनी ताटं पाहिली आणि हसल्याच. "रायरुओहो! पण हे तर ईस्टरला!"

मग कळलं, फिनलंडमध्ये ईस्टरच्या आधी घरोघर ताटलीत गवत पेरतात आणि त्यात मुलं रंगवलेली अंडी, पिवळी पिल्लं ठेवतात. मी म्हटलं, आमच्याकडे हेच नाताळला. त्या थोडा वेळ ताटाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "इथे डिसेंबरात काही उगवत नाही, हे आम्हाला माहीत असतं." तरी जाताना एक ताट मागून घेऊन गेल्या.

२४ तारखेला दुपारी बाराला तुर्कूच्या जुन्या मोठ्या चौकात नाताळची शांतता जाहीर करतात. ही चाल १३२०च्या दशकापासूनची सांगतात. बर्फ नव्हता, बारीक पाऊस होता. औरा नदीच्या काठी छत्र्यांची, बाबागाड्यांची, कुत्र्यांची गर्दी. लूथरचं 'देव आमचा गड' या अर्थाचं गीत झालं, कॅथेड्रलच्या घड्याळाने बाराचे टोल दिले आणि ब्रिंक्काला नावाच्या जुन्या इमारतीच्या सज्जातून एका गृहस्थाने चर्मपत्राची गुंडाळी उघडली. आधी फिनिश, मग स्वीडिश. १८२७च्या आगीत तुर्कू जळालं त्यात मूळ मजकूरही गेला. आत्ताचा नंतर आठवणीतून लिहिलेला आहे.

मजकूर ऐकून मी चाट पडलो. उद्या आपल्या तारणाऱ्याचा जन्मदिवस आहे, असं सुरुवातीला गोड बोलून लगेच बजावणी: सगळ्यांनी शांततेने राहावं, जो कोणी या दिवसांत गैरवर्तन करून शांतता मोडेल त्याचा गुन्हा अधिक गंभीर धरला जाईल. आणि शेवटी शहरवासीयांना आनंदी नाताळच्या शुभेच्छा. आमच्या आळीत नाताळच्या रात्री डीजेच्या भिंती लावणारे चुलतभाऊ डोळ्यांसमोर आले. तुर्कूत ते सगळे आत गेले असते. १९३९मध्ये मात्र हा कार्यक्रमच झाला नाही. सोव्हिएत युनियनशी युद्ध सुरू होतं आणि गर्दीवर बॉम्ब पडायची भीती होती. शांततेची घोषणा करण्याइतकीही शांतता नव्हती.

पंधरा मिनिटांत चौक रिकामा. दुकानं बंद होत आली होती, बस तुरळक. आपल्याकडे नाताळ म्हणजे दार उघडं ठेवायचं. कोण कधी येईल नेम नसतो. इथे दार लागलं की नाताळ सुरू होतो. मी दाराच्या चुकीच्या बाजूला उभा, असं वाटत घरी आलो.

लिफ्टपाशी आजी भेटल्या. हातात पिशवी. "कब्रस्तानात चाललेय, येतोस?"

आमच्याकडे कब्रस्तानात मेणबत्त्या लावायच्या त्या २ नोव्हेंबरला. इथे नाताळच्या संध्याकाळी. गवतासारखंच, वस्तू त्याच, पण कॅलेंडरवर भलत्याच पानावर. तीन वाजून गेले होते, अंधारत होतं. फाटकातून आत गेलो आणि पाय थांबले. झाडांखाली, उतारावर, नजर जाईल तिथवर दिवे. ओल्या दगडांवर त्यांचा उजेड, आणि शेकडो माणसं असून बोलणं नाहीच, नुसती खडीवर बुटांची करकर.

आजींनी नवऱ्याच्या कबरीवर मेणबत्ती लावली. दोन दिवस जळते, झाकण असलेली. पालापाचोळा हाताने बाजूला केला आणि मला म्हणाल्या, चल अजून एक आहे.

ती कबर नव्हती. नुसता एक दगड, त्याच्याभोवती मात्र मेणबत्त्यांची सगळ्यात दाट गर्दी. बाकीच्यांपेक्षा तिथे जास्त वेळ माणसं थांबत होती. ज्यांची माणसं दुसरीकडे पुरलेली आहेत त्यांच्यासाठी हा दगड. इथल्या कब्रस्तानांत अशी जागा राखलेली असते. आजींचे आजोबा फिनलंडच्या पूर्वेकडच्या कारेलियात पुरलेले. युद्धात त्या मुलुखाचा मोठा भाग सोव्हिएत युनियनकडे गेला, चार लाखांहून जास्त माणसं घरदार सोडून अलीकडे आली. कबरी काही उचलून आणता येत नाहीत. आजींनी त्यांची मेणबत्ती लावली आणि पिशवीतून अजून एक काढून माझ्यापुढे धरली. "तुझंही कोणीतरी असेलच."

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. गावच्या चर्चच्या मागे, चिंचेजवळ. या २ नोव्हेंबरला मी ऑफिसात होतो, आईने फोटो पाठवला होता, मी त्यावर हात जोडल्याची खूण टाकली आणि मीटिंगला गेलो.

काडी वाऱ्याने विझली. दुसरीही. तिसऱ्या वेळी आजींनी दोन्ही हातमोज्यांचा आडोसा धरला तेव्हा पेटली.

रात्री तांदळाची लापशी केली, वरून दालचिनी आणि लोण्याचा गोळा, इथल्या पद्धतीने. त्यात एक बदाम लपवतात. ज्याच्या वाट्याला येईल तो नशीबवान. एकट्याने खाताना तो मलाच मिळणार होता, तरी चावताना दचकलो. साडेआठला वसईत मध्यरात्र. फोन साखरेच्या डब्याला टेकवून गावच्या मिस्सेचं थेट प्रक्षेपण लावलं. ग्लोरिया या स्तुतिगीताला घंटा वाजल्या तेव्हा उठून मोज्यातला बाळ येशू गोठ्यात ठेवला.

मिस्सेनंतर आईचा व्हिडिओ कॉल. मागे फटाके, डीजे, कोणीतरी कोणाला तरी ओरडत होतं.

"नाचणी बघू," ती म्हणाली. दाखवली.

"अरे, पाण्यात हळद घातलीस काय? आणि हा बोकड कशाला?"

मेणबत्तीचंही सांगितलं. ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "त्या बाईंना उद्या काहीतरी गोड नेऊन दे."

पण सकाळी दार उघडलं तर कडीला आधीच पिशवी लटकत होती, आत आलुबुखाराचा जॅम घातलेल्या चार चांदण्या, पेस्ट्रीच्या. बेल वाजवलेली नव्हती. चाळीस मिनिटं चालत कॅथलिक चर्चमध्ये जाऊन आलो. परत येताना अंगणातून वर पाहिलं. आजींची खिडकी दक्षिणेला. तिथे हायसिंथच्या कुंडीशेजारी माझं ताट होतं, आणि त्यातली नाचणी माझ्याकडच्या नाचणीपेक्षा नक्कीच हिरवी.

फोटो काढून आईला पाठवला. पाच मिनिटांनी उत्तर आलं.

"ही बरी आहे. त्यांना सांग, पाणी बेताने घाला."