रंगो बापूजींच्या गावात राष्ट्रकुलाचा हिशोब

लग्न गोरज मुहूर्तावरचं. पुण्याहून पहाटेची एसटी पकडली की खंबाटकी ओलांडून नाश्त्याच्या वेळेला साताऱ्यात, आणि संध्याकाळपर्यंतचा दिवस आपला. बाकीची वऱ्हाडी मंडळी जीप करून कासला निघाली. (कासची फुलं पाऊस सरता सरता बघायची, लग्न होतं मे महिन्यातलं. पण सांगणार कोण?) मी चार भिंतींकडे वळलो.

चार भिंती म्हणजे अजिंक्यताऱ्याजवळच्या टेकडीवरचं उघडं बांधकाम. राणीवशाला दसऱ्याची मिरवणूक दिसावी म्हणून प्रतापसिंह महाराजांच्या काळात ते बांधलं, असं सांगतात. आता तिथे 1857 च्या हुतात्म्यांचं स्मारक आहे. सकाळी फिरायला येणारे कठड्यावर बसून गप्पा मारतात, पोरं सेल्फी काढतात. मला तिथे ओढ होती ती रंगो बापूजींची.

इंग्रजांनी 1839 मध्ये प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि 1840 पासून 1853 पर्यंत तिथेच राहिले. इंग्रजी शिकले, पत्रकं छापली, ईस्ट इंडिया कंपनीच्या भागधारकांच्या सभांत भाषणं केली, पार्लमेंटातल्या जोसेफ ह्यूमसारख्या सभासदांना आपल्या बाजूला वळवलं. महाराज 1847 मध्ये काशीलाच वारले. पुढच्या वर्षी गादीवरचे त्यांचे भाऊ गेले आणि दत्तक नामंजूर करून डलहौसीने साताराच खालसा केला. म्हणजे वकील लंडनमध्ये दारं ठोठावतोय आणि इकडे अशील गेला, मागून राज्यही गेलं. तरी हा माणूस आणखी काही वर्षं भांडत राहिला. कर्जबाजारी होऊन परतला आणि 1857 च्या कटात उतरला. पकडायला बक्षीस लागलं, पण इंग्रजांच्या हाती तो कधीच लागला नाही.

कठड्यावरच्या एका आजोबांनी विचारलं, “कुठनं आलाय म्हणायचं?” पुण्याहून म्हटल्यावर त्यांनी हीच कथा मला पुन्हा ऐकवली, माझ्यापेक्षा चांगली. शेवटी म्हणाले, “आन् एवढं करून आपण अजून त्यांच्या त्या राष्ट्रकुलात हायच की! कशाला ओ?”

राष्ट्रकुल म्हणजे कॉमनवेल्थ, ब्रिटन आणि मुख्यतः त्याच्या जुन्या वसाहतींची संघटना. प्रश्न बिनतोड होता. हाच प्रश्न मे 1949 मध्ये संविधान सभेतही गाजला होता. आदल्या महिन्यात, 28 एप्रिलला, लंडन जाहीरनामा झाला होता. भारत प्रजासत्ताक होणार, राजाशी निष्ठेची शपथ घेणार नाही, तरीही सभासद राहणार. राजा हे फक्त त्या संघटनेचं प्रतीक. आयर्लंड प्रजासत्ताक झालं म्हणून त्याच एप्रिलमध्ये बाहेर पडलं होतं. भारताच्या अटीवर नियम बदलला म्हणूनच पुढे स्वतंत्र झालेले आफ्रिकेतले आणि कॅरिबियनमधले देश प्रजासत्ताक होऊनही आत राहू शकले. नेहरूंवर टीका करणाऱ्यांनी हे श्रेय त्यांना द्यायला हरकत नाही.

मी आजोबांना एवढं सांगितलं, पण त्यांचा ‘कशाला’ तसाच उरला. माझं उत्तर असं, की आपल्याला राष्ट्रकुलाची फारशी गरज नाही, पण ज्यांना आहे त्यांच्यासाठी ते असावं. 56 सभासदांपैकी 33 लहान देश आहेत. तुवालूची लोकसंख्या अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडचं एखादं बाजाराचं गाव. समुद्र वाढला तर जमीनच जाणार, अशी त्यांची तक्रार. एरवी त्यांचं कोण ऐकतो? राष्ट्रकुलाच्या बैठकीत तुवालूला भारत-ब्रिटनइतकीच एक खुर्ची मिळते. सचिवालय त्यांना कर्जाचे हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर देतं, हवामान निधी मिळवायला अर्ज कसे करायचे ते शिकवतं. भारताने 2018 मध्ये राष्ट्रकुल देशांच्या विकासकामांसाठी पाच कोटी डॉलरचा निधी जाहीर केला; आता देणाऱ्यांत आपण आहोत. रवांडा, मोझांबिक, गॅबन, टोगो या देशांवर इंग्रजांचं राज्यच नव्हतं (टोगोचा एक तुकडा काही काळ वगळता), तरी तेही अर्ज करून आत आले. काहीतरी पदरात पडत असेल, म्हणूनच ना?

पण रंगो बापूजी आज गेले असते तर? सचिवालय लंडनमध्येच, मार्लबरो हाउस नावाच्या जुन्या राजवाड्यात. चहा मिळाला असता, भाषणही करू दिलं असतं. न्याय? लष्कराने सत्ता बळकावली की सभासदत्व स्थगित करतात. 1999 मध्ये पाकिस्तानचं केलं होतं. त्यापलीकडे हात पोचत नाही. गुलामगिरीच्या भरपाईचा विषय 2024 मध्ये सामोआच्या बैठकीत निघाला, निवेदनात एक परिच्छेद आला, आणि ब्रिटनने पैशाची गोष्ट टाळली. लीडनहॉल स्ट्रीटवर कंपनीच्या दारात बसलेल्या माणसाला ही तऱ्हा नवी वाटली नसती.

गेंडामाळावर फाशीच्या वडापाशी पाचच मिनिटं थांबलो. 8 सप्टेंबर 1857 ला इथे सतरा जणांना मारलं. कुणाला फाशी, कुणाला तोफेच्या तोंडी, कुणाला गोळ्या. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा होता. ऊन तापलं होतं आणि मला त्याहून जास्त थांबवलं नाही.

दुपारी अपशिंग्याला गेलो. अपशिंगे मिलिटरी, हे गावाचं नावच. घरटी एक तरी माणूस फौजेत. पहिल्या महायुद्धात या एका गावातले 46 जण कामी आले, आणि त्याची खूण गावात जपलेली आहे. पारावर बसलेल्या एका निवृत्त सुभेदारांनी स्टुलावर गार पाण्याचा तांब्या ठेवला आणि विचारायच्या आत सुरुवात केली: पणजोबा कुठे, आजोबा कुठे, आपण स्वतः सियाचीनला.

त्या मेलेल्यांची थडगी आणि नावं जपण्याचं काम राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग करतो. मूळ संघटनेहून ही वेगळी संस्था. 1917 मध्ये स्थापन झाली तेव्हा नावात ‘साम्राज्य’ होतं, 1960 मध्ये ‘राष्ट्रकुल’ आलं. तिचा खर्च सहा देश उचलतात, त्यांत भारत आहे. हुद्दा, वंश, धर्म न बघता सगळ्यांना सारखा मान, हे तिचं तत्त्व. पण 2021 मध्ये तिनेच चौकशी करून कबूल केलं, की आशिया-आफ्रिकेतल्या असंख्य सैनिकांची नावंच कुठे कोरली गेली नाहीत, आणि माफी मागितली. सुभेदारांना हे सांगितलं. ते म्हणाले, “गावानं लिहून ठेवलंय न्हवं. आमची न्हाई चुकली.”

परत येईपर्यंत अक्षता पडून गेल्या होत्या आणि मठ्ठा संपला होता. पंगतीत शेजारी नवरदेवाचा मावसभाऊ, कराडकडचा, तालमीतला. राष्ट्रकुल म्हणताच त्याचे कान टवकारले, कारण त्याच्या लेखी राष्ट्रकुल म्हणजे स्पर्धा. सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरचे वडील पानटपरी चालवतात, आणि 2022 मध्ये बर्मिंगहॅमला भारताचं पहिलं पदक त्याने आणलं, सोनं एका किलोने हुकलं, कोपर दुखावलेलं असताना. हे सगळं त्याला तोंडपाठ. आणि 2026 च्या ग्लासगो स्पर्धेच्या यादीतून कुस्तीच वगळली म्हणून तो आयोजकांवर असा भडकला होता, की जिलबी वाढणारा दोनदा पुढे निघून गेला. 2030 ची स्पर्धा अहमदाबादला आहे. तिथे कुस्ती असणारच, असं गृहीत धरून पठ्ठ्या आतापासून वजन राखतोय. तिसऱ्या वेळी मात्र त्याने जिलबी घेतली.